तिसऱ्या पाळीची कॅसेट

गिरण चालू असली की आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. महाडजवळच्या तुडीलला नदीच्या अंगाला आमचं घर आणि घराच्या भिंतीला भिंत लावून अब्बांची भाताची गिरण. इंजिन सुरू झालं की फळीवरची भांडी थरथरायची, मडक्यातलं पाणी थरथरायचं, आणि मा चुलीपुढून जे काय ओरडायची ते सगळं आम्हाला ऐकू येतंय अशी तिची समजूत असायची. आम्ही माना डोलवायचो. मग जेवायला बसल्यावर कळायचं की आपण कशाकशाला हो म्हणून बसलोय. अख्ख्या घराला मोठ्याने बोलायची सवय. माझं लग्न होऊन बायको आली तेव्हा तिला पहिले चार दिवस वाटत होतं की ह्या घरात भांडण चाललंय आणि ते कुणी मिटवत नाही.

शाळा मी चौथीत सोडली. मास्तरांनी एक धडा वाचायला सांगितला, मी वाचला. ते म्हणाले, परत वाच. मी म्हटलं, बरोबर वाचला असेल तर परत कशाला, आणि चुकला असेल तर चूक दाखवा. त्यांनी दाखवली नाही, मी वाचला नाही. तेवढ्यावर अडलं ते अडलंच. लोक सांगतात, उस्मान गरिबीमुळे शिकला नाही. खोटं आहे. मी शिकलो नाही कारण मी बरोबर वाचला होता.

गिरणीत मन लागत होतं असंही नाही. भात हॉलरमध्ये ओतायचं, तूस एकीकडे, तांदूळ एकीकडे, कोंडा पोत्यात. तेच आज, तेच उद्या. पायाला भिंगरी. एका जागी उभा राहिलो की पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. माझा मोठा भाऊ यूसुफ आखातात होता, आणि पुढेमागे मलाही तिकडेच जायचं हे घरात ठरलेलं होतं. ते कुणी मला विचारलं नव्हतं, जसं गिरणीतल्या पट्ट्याला कुणी विचारत नाही. पासपोर्ट तयार होऊन माच्या पेटीत पडला होता. मी वाट बघत होतो, पण कशाची ते सांगता आलं नसतं.

यूसुफभाई पत्रं लिहीत नसे. तो कॅसेट पाठवायचा. त्या वेळी आमच्याकडे सगळीच आखातातली माणसं तसं करायची. सुट्टीवर येणाऱ्याच्या हाती दहा घरांच्या दहा कॅसेटी दिल्या जायच्या, आणि त्या एकमेकांत मिसळायच्या. म्हणून प्रत्येकाने आधी नाव सांगायचं, बापाचं नाव, गाव, मग कंपनी आणि कॅम्प, आणि त्यानंतर सलाम. नाव-गाव नसलेली कॅसेट म्हणजे भरकटलेलं ढोर. एकदा तर दासगावच्या कुणा नवऱ्याची बायकोला बोललेली कॅसेट आमच्या घरात लागली. दोन वाक्यं झाली आणि अब्बांनी उठून असा झटकन बंद केला टेप, की बटण आत गेलं ते गेलंच. त्या बेचाऱ्याने सुरुवातीला नाव घेतलं नव्हतं. मा म्हणाली, "नाव नाय, गाव नाय, आणि लाज तर नायच नाय."

तो टेप बिघडला म्हणून यूसुफभाईने दुसरा पाठवला. हा दोन कॅसेटींचा. एक वाजते तर दुसरीवर तेच उतरतं. पण त्याची पिन तिकडची, तीन चपट्या पात्यांची, आपल्या सॉकेटात जाईना. ती बदलायला मी महाडला गेलो, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत मिलिंदच्या दुकानात. मिलिंद रेडिओ दुरुस्त करायचा. मार्चमध्ये तळ्यावर माणूस मावत नाही तेव्हा गावोगावची गाणारी मंडळं येतात, त्यांचे बिघडलेले माईक त्याच्याकडेच यायचे. आवाज कुठे अडतो आणि कुठे फाटतो ते त्याला नुसत्या कानाने कळायचं. मी पोचलो तेव्हा दुकान उघडं, माणूस नाही, आणि आतल्या खोलीतून काहीतरी असं आलं की मी टेप छातीशी धरून तसाच उभा राहिलो.

मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण इंजिन रिकामं फिरत असतं आणि मग पट्टा चाकावर चढतो, तेव्हा अख्ख्या गिरणीला एक झटका बसतो आणि काम सुरू होतं, तो झटका मला ठाऊक होता. तो मला तिथे बसला. विजेची गिटार होती, एका जुन्या रेडिओच्या भोंग्यातून खरखरत येणारी, आणि एक पोरगा डोळे मिटून तिच्यावर ओरडत होता. ओरडत होता तेही मराठीत, आपल्याच बोलीत.

"दिवस तुमचा, रात्र तुमची, मधली झोप कुणाची? भोंगा झाला, जेवण झालं, भूक राहिली कुणाची?"

तो वसंत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला करंजवाडी, तिथला शेतकऱ्याचा पोर, महाडच्या एका केमिकल कंपनीत कामाला. पर्मनंट झाला नव्हता, होणार होता. त्याच्या बाजूला जाड तारांची गिटार घेऊन मिलिंद, आणि खाली पत्र्याच्या डब्यावर धोंडू. धोंडू वसंतच्याच कंपनीत कंत्राटी, आणि लग्नसराईत खालूबाजात ढोल वाजवणारा. दोघांनी रात्रभर तिसरी पाळी करायची, सकाळी सुटायचं, आणि झोपायच्या आधी दोन तास मिलिंदकडे हे करायचं, असा नेम. नावही तेच ठेवलेलं, 'तिसरी पाळी'. डोळे दोघांचे लाल.

"काय पायजे?" मिलिंदने विचारलं.

"पिन बदलायची होती."

"मग ठेव आणि जा. संध्याकाळी ये."

"नाय जात," मी म्हटलं. "परत वाजवा."

धोंडू हसला. "अरे, हा पहिला माणूस जो जा म्हटल्यावर जात नाय. नायतर न सांगता जातात."

त्यांची अडचण लगेच कळली. शेजारचे भांड्यांचे दुकानदार दर दोन दिवसांनी भांडायला येत. गाणी अशी की कंपनीतल्या कुणाच्या कानावर जाऊन चालणार नाही. भोंग्याची टिंगल, सुपरवायझरची टिंगल, नदीला येणाऱ्या फेसावर एक अख्खं गाणं. सभागृह कोण देणार, आणि दिलं तरी उघड्यावर वाजवणार कसं? मी तिथल्या तिथे बोलून बसलो, "आमच्या गिरणीत या. तिथे बॉम्ब फुटला तरी ऐकू जात नाय."

अब्बांनी ऐकून घेतलं, दाढीवरचा कोंडा झटकला आणि एकच अट घातली. "इंजिन चालू असेल तवर वाजवा. इंजिन बंद, तुम्ही बंद. गावाने मला विचारायला नको." त्यांना वाटलं, ह्या अटीवर पोरं दोन दिवसांत पळतील. पळाली नाहीत. झालं उलटंच. धोंडूने डिझेलचं रिकामं पिंप, दोन ढोल आणि आमच्या जुन्या हॉलरची चाळण टांगून सगळा संसार मांडला, आणि हळूहळू त्याचा हात इंजिनाच्या ठोक्याला लागला. इंजिन जसं धडधडेल तसा ताल. भात ओलं असलं की इंजिन दमायचं, की गाणंही दमायचं. मिलिंद वैतागायचा, "ह्यापेक्षा कोरडं भात घ्या रे!"

पहिले ऐकणारे म्हणजे डोक्यावर भाताची पाटी घेऊन आलेल्या बाया. रांगेत बसून बघायच्या. फातिमाचाची तर दर वेळी आमच्या माला विचारायची, "अगो, त्या उंच पोराला काय चावलंय काय?" मा म्हणायची, "भूक चावलीय. दुसरं काय." आणि खरंच, त्यांना आधी खायला घातल्याशिवाय ती गिटारीला हात लावू देत नसे. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, शुक्रवार असला तर सांदणं, वाफेवरची, खोबऱ्याच्या दुधात बुडवलेली. "आधी खा. उपाशीपोटी बोंबलू नका," असं ती म्हणायची. वसंत एकदा तिला म्हणाला, "मावशी, तुम्हाला आवडतं का आमचं?" ती म्हणाली, "आवडत नाय. पण बंद झालं की कायतरी राहिल्यासारखं वाटतं." इतकी खरी पावती त्यांना पुढे कुणी दिली नाही.

आवाज आम्ही त्या दोन कॅसेटींच्या टेपवरच घेतला. गिरणीत दुसरीकडे कुठे घेणार? मिलिंदने माईक तांदळाच्या पोत्यांमध्ये असा रोवला की इंजिन मागे राहावं, तरी ते आलंच. पाच गाणी झाली. झाकणावर काय लिहायचं हा प्रश्न आला तेव्हा वसंत म्हणाला, "तिसरी पाळी, एवढंच लिही. आमची नावं नकोत."

"नाव नको कसं? कुणाचं गाणं ते कळायला नको?"

"गाणं कळलं की पुरे. नावाला माणूस पकडता येतो रे उस्मान. गाण्याला कोण पकडणार?"

मी मान डोलावली. इंजिन चालू होतं, पण ह्या वेळी मला नीट ऐकू आलं होतं. ते मी नाकारत नाही.

आता ही कॅसेट माणसांच्या कानात कशी घालायची, हे काम मी माझ्याकडे घेतलं, आणि इतक्या वर्षांनी सांगतो, ते काम माझ्याइतकं कुणाला जमलं नसतं. दर गुरुवारी टेम्पोतून मी पोलादपूरला बापूशेठच्या हॉटेलात तांदूळ पोचवायचो. गोव्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या गाड्या घाट चढायच्या आधी आणि उतरल्यावर तिथे दहा मिनिटं थांबायच्या. बापूशेठकडे टेप होता, त्यावर दिवसभर भजनं आणि सिनेमातली गाणी.

"हे काय रे?" पहिल्यांदा लावली तेव्हा तो म्हणाला. "गिऱ्हाईक वडा टाकून पळेल माझं."

"तुमचा वडा टाकून पळायला गिऱ्हाइकाला गाणं लागत नाय, शेठ."

तो शिव्या देत हसला आणि कॅसेट राहिली. पण नुसती लावून भागत नाही हे मला दोन गुरुवारांत कळलं. गाडी थांबली की पहिली दोन मिनिटं माणसं आडोसा शोधत पळतात, त्या वेळी कुणी काही ऐकत नाही. मग चहा सांगतात, तेव्हा ओरडा असतो. चहा हातात आला की माणूस पहिल्यांदा गप्प होतो. त्या क्षणी 'भूक राहिली कुणाची' आलं पाहिजे. म्हणून मी रस्त्यावर उभा राहायचो, लांबून गाडी ओळखायचो आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की हात वर करायचो. आतून बापूशेठचा भाचा बटण दाबायचा. ग्लास ओठाला आणि ओळ कानाला. कधी कधी माणसं ग्लास तसाच धरून राहायची. आजकाल गाणी करणारी पोरंपोरी माझ्याकडे येतात, मोबाइलवर सगळं तयार करून. विचारतात, नाना, आमचं गाणं लोकांपर्यंत कसं जाईल? मी सांगतो, लोक चहा कधी पितात ते बघा. ती हसतात, त्यांना वाटतं म्हातारा विनोद करतोय. आता रस्ता चौपदरी झालाय, गाड्या पोलादपूरला बघतही नाहीत, पण माणूस गप्प होण्याची वेळ असते ती असतेच. ती शोधावी लागते.

ट्रकवाले मागायला लागले. लक्झरीचे ड्रायव्हर मागायला लागले. मी एकावरून एक उतरवत सुटलो. कोऱ्या कॅसेटी संपल्या तेव्हा घरातल्या जुन्या घेतल्या, त्यांत यूसुफभाईच्याही गेल्या. एक ट्रकवाला सावंतवाडीहून परत येताना म्हणाला, "शेवटचं गाणं लय भारी हाय तुमचं. तो माणूस नुसता बोलतो ते. मा, मी खुशाल आहे, तू रडू नको. डोळ्यांत पाणी आलं रे." तो आवाज यूसुफभाईचा. घरी आमच्या माला कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि आमच्या घरात दोन दिवस न बोलणं म्हणजे फाशीच. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "सख्ख्या भावाचा आवाज पुसलास." त्याच महिन्यात यूसुफभाईचा निरोप आला की माझ्यासाठी जागा बोलून ठेवलीय, तयारीत राहा. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला आता कुठे पाय टेकायला जागा मिळाली होती.

मग तो गुरुवार. एक कंडक्टर चहा पिता पिता बापूशेठला सांगत होता, "हा आमच्या खेडच्या पोरांचा गाणा. माझ्या मेव्हण्याचा दोस्त वाजवतो ह्यात."

मी तांदळाचं पोतं खाली टाकलं. "कोण वाजवतो?"

"खेडची पोरं."

"नाव सांग."

"नाव कशाला पायजे? सगळ्या खेडला माहीत हाय."

"नाव नसेल तर काय, कुणीही आपलं म्हणेल?"

"म्हणणारच," तो म्हणाला आणि ग्लास ठेवून निघाला. "वारस नसला की जमीन कसेल त्याची."

ते वाक्य माझ्या डोक्यात टेम्पोच्या चाकाबरोबर फिरत तुडीलपर्यंत आलं. मला झोप नाही, जेवण नाही. आमच्या पोरांचा घाम, आमच्या गिरणीचं इंजिन, आणि खेडवाले मिशीला पीळ देणार? दुसऱ्या दिवशी अब्बा नमाजला गेले तेव्हा मी टेपपुढे बसलो आणि कॅसेट जशी सुरू करतात, जशी मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, तशी सुरू केली. माझ्या मोठ्या आवाजात. "गाणारा वसंत, बाप तुकाराम, राहणार करंजवाडी, तालुका पोलादपूर." मग नोकरी. मी कंपनीचं नाव घेतलं, आणि पुढे दोन नंबरचा प्लांट, तिसरी पाळी, हेही सांगितलं. मग धोंडू, मग मिलिंद, बापांची नावं आणि ठावठिकाणा सगळा. शेवटी, खेडचा ह्यात कुणी नाय. त्यानंतर गाणं. कसली कसर ठेवली नाही. मला त्यात अडचण दिसली नाही असं नाही. वसंतचं म्हणणं आठवलं होतं. पण मला वाटलं, तो भितो म्हणून तसं म्हणतो. मी भीत नव्हतो. दुसऱ्याच्या नोकरीच्या जोरावर मी भीत नव्हतो, हे कळायला मला फार वेळ लागला.

पुढच्या गुरुवारी तीच कॅसेट लावली. दुपारची वेळ. गोव्याकडून एक पांढरी मोटार येऊन थांबली, सफारी सूट घातलेला एक माणूस उतरला, चहा घेतला. माझा आवाज सुरू झाला आणि त्या माणसाचा ग्लास अर्ध्यावर थांबला. मी इतकी माणसं चहा घेताना बघितली होती. मला वाटलं, हा खरा ऐकणारा. गाणं संपल्यावर तो उठून टेपपाशी आला.

"कुणाचं आहे हे?"

"आमचीच पोरं, साहेब. महाडची, पोलादपूरची."

"आणि कुठल्या कंपनीत म्हणालात?"

"आत सांगितलंय ना सगळं. थांबा, परत लावतो."

मी परत लावली. त्याने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "छान." मी खिशातून एक नवी कॅसेट काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने विचारलं, ठेवू का, मी म्हटलं, तुमच्यासारख्यांनीच ठेवायला पायजे. मोटार वळून गेली तेव्हा मी बापूशेठला म्हटलं, बघितलंत? बापूशेठ गिऱ्हाइकाला सुटे देत म्हणाला, "बघितलं. हा साहेब महिन्यातून दोनदा जातो इथून. तुझ्या पोरांच्याच कंपनीचा हाय."

सोमवारी तिघेही गिरणीत आले. इंजिन बंद होतं. वसंत पोत्यावर बसला आणि तांदळाचा एक दाणा बोटांत फिरवायला लागला. मा भाकरी घेऊन आली, तिने तोंडं बघितली आणि ताट तसंच ठेवून गेली.

"ऑफिसात खुर्ची दिली मला," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. टेबलावर टेप. लावला. तुझा आवाज. तुकाराम, करंजवाडी, दोन नंबर प्लांट. मग बंद केला. गाणं लावलंच नाय रे त्यांनी. तू बोललास तेवढंच ऐकवलं, आणि विचारलं, हा तूच ना?"

"मग?"

"मग काय? मीच. गेटपास काढून घेतला. पुढच्या महिन्यात पर्मनंटचं पत्र होतं."

मी धोंडूकडे बघितलं. त्याचंही नाव होतं त्यात. धोंडू म्हणाला, "मला कोण धरणार? कंत्राटदाराच्या कागदावर मी सुरेश हाय. धोंडू नावाचा माणूस कंपनीत कधी आलाच नाय." आणि त्याला हसू आलं, आणि आलं म्हणून त्याने तोंड फिरवलं.

"खेडवाले आपलं म्हणत होते," मी म्हटलं.

"म्हणू दे ना!" वसंत उठला. त्याचा आवाज गाण्यात चढायचा तसा चढला. "दहा गावांनी म्हणू दे! मला पगार खेड देत होता काय? मी तुला एकच सांगितलं होतं, उस्मान. एकच."

मी माफी मागितली नाही. ते मास्तर आणि तो धडा, तसंच झालं. फक्त ह्या वेळी चूक दाखवलेली होती.

आठ दिवसांनी मी करंजवाडीला गेलो. चढ चढून छाती फुटायची वेळ आली. वसंत रानात गेलेला, आई एकटी अंगणात नाचणी पाखडत होती. मी कोण ते सांगायची पाळीच आली नाही. तोंड उघडलं आणि तिने आवाजावरून ओळखलं. वाडीतल्या एका ट्रकवाल्याने तिला ती कॅसेट ऐकवली होती.

"नावं सांगणारा तूच काय?"

"होय, मावशी."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "तुकाराम म्हणालास. तुकाराम मेला तेव्हा हा पाळण्यात होता. ही नाचणी, हा डोंगर, त्याची शाळा, ती गिटार का फिटार, सगळं कुणी केलं? आणि तू महाडपासून गोव्यापर्यंत सांगत सुटलास, तुकारामाचा, तुकारामाचा. नाव घालायचंच होतं तर विचारून घालायचंस. मला विचार, त्याला विचार. आता काय, नोकरी परत बोलशील त्या टेपात?"

पाणी तिने दिलं, ते मी प्यायलो. उतरताना पाय थांबत नव्हते, उताराने नव्हे, मलाच थांबता येत नव्हतं. घरी आलो, टेपात कोरी कॅसेट घातली आणि यूसुफभाईला सांगितलं की माझ्यासाठी बोललेल्या जागेवर दुसरा माणूस येतोय, तीन वर्षं प्लांटवर काम केलेला, माझ्यापेक्षा कितीतरी कामाचा. तू नाही म्हणालास तर मी कधीच येणार नाही, आणि हो म्हणालास तरी येणार नाही. अब्बा दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "तू हे चांगलं केलंस असं मी कधी म्हणणार नाय." आणि मरेपर्यंत म्हणाले नाहीत. मा पेटीतला माझा पासपोर्ट काढून, कुणाला सापडू नये म्हणून, कोंड्याच्या पोत्याखाली ठेवून आली, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

यूसुफभाईचा होकार आला. वसंतने आधी नाही म्हटलं, तुझं नको मला, म्हणाला. त्याची आई हो म्हणाली. त्याचा पासपोर्ट होईपर्यंत पावसाळा गेला. तेवढ्या दिवसांत तो एकदाही गिरणीत आला नाही. पिंप आणि चाळण मी हलवली नव्हती, फातिमाचाची विचारायची, "गेली काय रे ती पोरं?" मी म्हणायचो, येतील. जायच्या दिवशी मी पोलादपूरला गाडीपर्यंत गेलो. त्याने गिटार मिलिंदला दिली होती, हात रिकामे. गाडीत चढताना म्हणाला, "यूसुफभाईला काय सांगू?" मी म्हटलं, सांग उस्मान गिरण चालवतोय. एवढंच आमचं बोलणं.

दोन वर्षांनी तुडीलचा एक माणूस सुट्टीवर आला. त्याने ब्लँकेटच्या घडीतून एक कॅसेट काढून माझ्या हातात दिली, कुणाची ते बोलला नाही. मी लावली. वाट बघितली. नाव आलं नाही, गाव आलं नाही, सलामही नाही. थेट गिटार, कुठल्यातरी पत्र्याच्या खोलीतली, मागे पंखा आणि दहा माणसांचं खोकणं. मग तो आवाज. गाणं कॅम्पातल्या माणसांचं होतं, ज्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतात त्यांचं. तिकडे असं गाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात बसवत. मी मिलिंदला आणि धोंडूला बोलावलं. तिघांनी ऐकलं. धोंडूचा हात मांडीवर चालू झाला. मिलिंद म्हणाला, "उतरव. पण तू तोंड उघडायचं नाय."

मी उतरवली. गोवा रस्त्यावर, पनवेलपासून खाली सावंतवाडीपर्यंत, पुन्हा चहाच्या वेळेला. पहिल्याच गुरुवारी बापूशेठने विचारलं, "हा तोच काय रे?" मी म्हटलं, माहीत नाय. ट्रकवाल्यांनी विचारलं, आखातातून आलेल्यांनी विचारलं, एकाने माझ्यासमोर बसून शपथेवर सांगितलं की हा आमच्या खेडचा माणूस आहे. मी त्याला चहा पाजला. जीभ चावून धरणं काय असतं ते तेव्हा समजलं. गेल्या वर्षी माझ्या नातीने ते गाणं कुठल्याशा जुन्या कॅसेटवरून काढून इंटरनेटवर टाकलं. कुठकुठचे लोक खाली लिहितात, हा कोण, कुठला, सांगा. ती रोज संध्याकाळी वाचून दाखवते. "नाना, आता काय होणार आहे? सांगा ना. त्याचं नाव व्हायला नको?"

तिला वाटतं मी हट्टाने सांगत नाही. हट्टी मी आहेच. पण माझं नाव सांग असं त्याने कधी म्हटलेलं नाही, आणि मी त्याला विचारायला गेलो त्या एका वेळी तो ऐकून घेऊन नुसता नाही म्हणाला. तो कधी परत आला, आता कुठे राहतो, काय करतो, ते लिहिणार नाही. ही वही नात टाइप करणार आहे, म्हणून तिच्यासाठीही इथेच सांगून टाकतो. वसंत हे त्याचं नाव नाही. बापाचं नाव ते नाही आणि ती वाडीही ती नाही. धोंडूच्या आणि मिलिंदच्या घरी मी जाऊन विचारलं, त्यांनी हो म्हटलं, ती नावं खरी आहेत.